वरच्या शहरातलं दार

काच काढली नसती तर यातलं काहीच झालं नसतं. संग्रहालयाचं मधलं दालन रंगवायला काढलं होतं, म्हणून मॉडेलवरची भलीमोठी काचपेटी उचलून बाजूला ठेवली होती, आणि तिथल्या अधिकारीबाईंना चांगुलपणाने सुचलं की ज्यांनी हे केलं त्या कारागिराला एकदा बोलवावं. आता दिसत नाही म्हणतात, तर निदान हात लावून बघू दे. म्हणून सून सासऱ्यांना घेऊन गेली. सासरे इस्त्रीचा सदरा घालून निघाले. रंगाच्या वासातून, कागद अंथरलेल्या फरशीवरून, सुनेच्या दंडाला धरून ते मॉडेलपर्यंत आले आणि तिथं त्यांनी दंड सोडून दिला. पुढे त्यांना कुणाची गरज नव्हती. दूरदेशीच्या एका डोंगरमाथ्यावरचं ते ओसाड पडलेलं शहर. घरात आणि घराखालच्या मॉडेलांच्या कारखान्यात सगळे त्याला ‘वरचं शहर’ म्हणत. सासरे पायथ्यापासून बोटांनी चढायला लागले. पायऱ्या, पाण्याचा पाट, धान्याची कोठारं, सभेची जागा. अधिकारीबाई कौतुकाने बघत होत्या. बोटं सगळ्यात वरच्या चौकात शिरली, मागच्या भिंतीवरून सरकली आणि थांबली. मागे आली, पुन्हा सरकली. “दार कुठं गेलं?” सासऱ्यांनी विचारलं. “ते होय,” बाई म्हणाल्या, “ते बुजवलंय मागेच, खूप वर्षं झाली. नकाशात तिथं दार नाहीये ना.” जणू आमटीत मीठ कमी होतं ते घातलं, इतक्या सहज म्हणाल्या. सासऱ्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. “पुट्टी चांगली भरलीय,” ते म्हणाले. “सांधा लागत नाही हाताला.” आणि सुनेचा दंड चाचपून त्यांनी परत धरला.

रिक्षात ते गप्प होते. घरी आल्यावर चप्पल काढताना गप्प, चहा समोर आला तरी गप्प. तिला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळत होता, कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा जास्त वेळ नवऱ्यापेक्षा सासऱ्यांबरोबर गेला होता. नवरा विमा कंपनीत. त्याला कारखान्याची धूळ सोसायची नाही. ती मात्र नवी नवी असताना एकदा चहा द्यायला म्हणून खाली गेली, आणि तिथलीच झाली. त्या दिवशी सासऱ्यांनी एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं होतं आणि म्हणाले होते, “हलू नकोस.” हातात कपबशी, पदर सावरायची चोरी, नवीन सून, काय करणार, उभी राहिली. ते काडीएवढ्या लाकडावर पटाशीचं टोक फिरवत राहिले. मॉडेल बघणाऱ्याला उंचीचा अंदाज यावा म्हणून त्यात कुठंतरी एक माणूस उभा करावा लागतो. वरच्या शहरातला तो माणूस म्हणजे ती. मागच्या चौकात, दाराजवळ, हातात काहीतरी धरून उभी असलेली तांदळाएवढी बाई. चहा तोवर गार झाला होता, तो त्यांनी तसाच घेतला. दुसऱ्या दिवशी ती आपणहून खाली गेली आणि त्यांनी तिच्या हातात पॉलिश पेपर दिला. तेव्हापासून घरात ती सूनबाई आणि कारखान्यात मिस्त्री. एकाच तोंडातून दोन हाका यायच्या, मधे फक्त जिना.

एकाएकी कप खाली ठेवत सासरे म्हणाले, “तू जाऊन ये.” कुठं, हे विचारायची गरजच नव्हती. “माझ्याच्यानं काही व्हायचं नाही आता. तू बघून ये, दार आहे का नाही.”

नवऱ्याने आधी ते हसण्यावारी नेलं. एका दारासाठी एवढ्या लांब? विमान, मग बस, मग म्हणे चढण, आणि वर हवा इतकी विरळ की धडधाकट माणसांनाही गरगरतं. हिचे गुडघे तर इथलाच जिना चढताना बोलतात. पण मग त्यालाही पटलं, कारण म्हाताऱ्याच्या हाताचं दुसरं काय उरलं होतं? जन्मभर त्यांनी बिल्डरांसाठी मॉडेलं केली. इमारत उभी राहिली की मॉडेल अडगळीत, आणि अडगळ साफ केली की कचऱ्यात. हाडाची काडं करून केलेली कामं अशी वाटेला लागली. एक वरचं शहर तेवढं काचेखाली राहिलं. त्यातलं ते दार ठेवायला त्या वेळी संग्रहालयवाले नको म्हणत होते. नकाशात नाही, म्हणाले. सासऱ्यांनी फोटो पुढे केला. जुन्या एका मोहिमेत कुणीतरी काढलेला. मागच्या भिंतीवर सरळ उभी, काळी, चौकोनी जागा. वरचा काठसुद्धा फूटपट्टीने आखल्यासारखा. दार नाही तर काय आहे मग? “दिसतंय ते मी केलं,” असं म्हणून त्यांनी दार ठेवलं, आणि लोकांनी ऐकलं अशी इतकी वर्षं त्यांची समजूत होती. म्हणजे गालातल्या गालात हसून मागून बुजवलं की हो संग्रहालयवाल्यांनी. जे डाचलं होतं ते हे होतं, आणि ते नवऱ्यालाही कळत होतं. निघायच्या दिवशी तिची बॅग दाराशी नेताना तो हळूच म्हणाला, “हे बघ, असो नसो, आहे म्हणूनच सांग.”

या घरात हे नवीन नव्हतं. सासऱ्यांची नजर गेली तसतसे सगळे त्यांच्याशी गोड बोलायला लागले होते. भिंतीला ओल आली, त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या जुन्या मित्राचं दुखणं वाढलं, तर बरं आहे म्हणून सांगितलं. समोरचं मोठं झाड रस्ता रुंद करताना पाडलं. सासरे खिडकीशी बसून विचारायचे, काय म्हणतंय झाड, तर नवरा सांगायचा, मजेत आहे, पालवी फुटलीय. वाईट हेतूने नाही, जीव होता म्हणून. ती मात्र त्या वेळी आत निघून जायची. कारखान्यात सासऱ्यांनी तिला जे शिकवलं होतं त्यात हे बसत नव्हतं. केसभर चुकलेला तुकडा ती कधी भीत भीत तसाच चिकटवायला गेली, तर ते न रागावता तो काढून तिच्या तळहातावर ठेवायचे. मापाचे लाड करायचे नाहीत, एवढंच म्हणायचे. पण लाड न करणं वेगळं आणि आंधळ्या माणसाला तोंडावर सांगणं वेगळं. विमानात, बसमध्ये, खिडकीबाहेर झाडंझुडपं संपून नुसता दगड आणि आभाळ उरलं तेव्हाही, तिच्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. दार असू दे. दार असलं तर काहीच प्रश्न नाही.

डोंगराने तिचा घामटा काढला. वाटाड्या म्हणून दिलेला माणूस बुटका, तुरतुरीत, पुढे जाऊन थांबायचा आणि ती पोचली की लगेच पुढे निघायचा, म्हणजे विश्रांती त्याचीच होत होती. ऊन कडक आणि वारा मात्र थंडगार. छातीत हवा भरतेय असं वाटायचं आणि भरलेली नसायची. कानात स्वतःच्याच रक्ताचा आवाज. पायऱ्या डोंगर फोडून केलेल्या, मधे झिजून खोलगट झालेल्या, आणि उंच. प्रत्येक पायरीला गुडघ्यावर हात टेकून स्वतःला वर ढकलावं लागत होतं. याच पायऱ्या तिने घासल्या होत्या. पॉलिश पेपरची घडी करून, नखाने दाबून, एकेक. कंटाळा आला म्हणून खालच्या वळणावरच्या जरा उरकल्याच होत्या, आणि सासऱ्यांनी त्या परत घासायला लावल्या होत्या. आता त्याच वळणावर ती धापा टाकत बसली आणि तिला हसू यायला लागलं. वाटाड्याला वाटलं बाईला हवा लागली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि आपल्या मोडक्यातोडक्या परभाषेत विचारलं, परत जायचं का? “छे,” ती मराठीतच म्हणाली, “आता कुठली परत.”

वर पोचल्यावर मात्र वाटाड्याची पंचाईत झाली, कारण त्याला दाखवायला काही उरलंच नाही. तो हात करायच्या आधी ती वळत होती. पाण्याचा पाट इथे काटकोनात फिरतो, कोठारांची रांग याच्या मागे, तिसऱ्या कोठाराचं छप्पर पडलेलं. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त पाट, ज्याच्यात तिने दोऱ्याएवढी रेघ ओढली होती, त्यात अजून पाणी होतं. शेकडो वर्षांपूर्वी माणसं उठून गेली, का गेली ते कुणाला सांगता येत नाही, आणि पाणी आपलं वाहतंय. तिने हात बुडवला. हाडं दुखावीत इतकं गार. कोठाराच्या उंबऱ्यावर एक खळगा होता, काहीतरी कुटून कुटून पडलेला. कुणीतरी बाई रोज त्याच जागी बसत असणार, रोज तिला कुणीतरी हाक मारत असणार. फोटोत हा खळगा नव्हता. म्हणून मॉडेलमध्येही नव्हता. तिला एकदम चुटपुट लागली की हा राहिला. मग वाटलं, अगं वेडे, इथं अख्खं शहर हाताला लागतंय आणि तू खळग्याचा हिशेब करतेस. आपल्याला इतकं बरं का वाटतंय हे तिला समजेना. गुडघे ठणकत होते, ओठ फुटले होते, डोकं जड झालं होतं, आणि तरी माहेरच्या गल्लीतून चालावं तशी ती चालत होती. कितीतरी वर्षं जे वरून बघितलं त्याच्या आत आपण उभ्या आहोत. भिंती डोक्याच्या वर. सगळंच इतकं उंच की मान मागे टाकावी लागत होती.

मागच्या चौकात ती मुद्दामच शेवटी गेली. परीक्षेचा निकाल लावलेल्या फळ्याकडे पोरं जातात तशी, रमतगमत, दुसरीकडे बघत. चौकाच्या एका अंगाला मनोरा, समोर मागची भिंत. भिंतीत दार नव्हतं.

तिने जवळ जाऊन हात लावून पाहिलं. बुजवलेलं असेल, मागून कुणी दगड बसवले असतील. पण तसं काही नव्हतं. चिरे एकमेकांत असे बसवलेले की मधे नख जाणार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, पहिल्या दिवसापासून सलग. नकाशा बरोबर होता. अधिकारीबाई बरोबर होत्या. पुट्टी बरोबर होती. तिला रडू वगैरे आलं नाही, ती नुसती भिंतीला टेकून खाली बसली. वाटाड्या लांब जाऊन सिगारेट ओढत होता. भिंत उन्हाने तापली होती. आता काय करायचं, हा विचार तिने शक्य तितका वेळ लांबवला. सासऱ्यांचा तो सदरा तिला दिसत होता, इस्त्रीचा, आणि त्याला पुसलेलं बोट. आहे म्हणून सांग. किती सोपं होतं. कोण येणार होतं तपासायला? म्हातारा माणूस, राहिलेत किती दिवस, त्यात एक दार दिलं तर कुणाचं काय बिघडणार? दार आहे बाबा, लाकडी चौकट नाही, नुसता दगड, वरचा काठ सरळ. ती मनात वाक्य रचून बघत होती, आणि रचता रचता तिला दिसत होतं की सासरे हरखून जातील, मग संग्रहालयाला फोन करायला लावतील, मग पुट्टी काढायला लावतील, आणि त्या खोट्या दाराजवळ तीच उभी राहील, तांदळाएवढी, काचेखाली, कायमची.

किती वेळ गेला कोण जाणे. चौकाची राखण करणारी बाई आली. तिच्याच वयाची, डोक्याला फडकं बांधलेली, एका हातात स्टूल, दुसऱ्यात डबा. तिने हिला बघितलं, हसली आणि भिंतीशी थोडं बाजूला बोट दाखवलं: तिथं बस, इथं ऊन आहे. तिथं पाहते तर सावली पडली होती. मगाशी नव्हती. सरळ, उभी, काळी, चौकोनी, वरचा काठ फूटपट्टीने आखल्यासारखा. समोरच्या मनोऱ्याची सावली चौक ओलांडून भिंतीपाशी आली होती आणि भिंतीवर चढून उभी राहिली होती. ती उठून चौकाच्या कठड्यापलीकडे गेली, जिथून तो फोटो काढला असणार तिथे. तिथून चौकाची जमीन कठड्याआड जात होती, मनोरा तर बाजूलाच राहत होता. दिसत होतं फक्त भिंतीतलं दार. अगदी दार. आत शिरावंसं वाटेल असं. राखणदार बाईने त्यातच स्टूल टाकलं आणि डबा उघडला. रोजची जागा असावी तिची. ती परत येऊन तिच्या शेजारी बसली. आत खरंच गारवा होता. बाईने डब्यातलं थोडं तिच्या हातावर ठेवलं, तिने आपल्याजवळच्या लिमलेटच्या गोळ्या दिल्या, आणि दोघी खात बसल्या. सावली सरकली तशी बाई स्टूलही सरकवत राहिली.

खाली, पायथ्याच्या मुक्कामाच्या जागी, फोन लागत होता. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीत तो डोंगर. नवऱ्याने उचलला. “पोचलीस? बरी आहेस ना? थांब, बाबा इथंच बसलेत, मघापासून.” आणि आवाज खाली आणून, “लक्षात आहे ना?” तिला त्याचा राग आला नाही. मग फोन हातातून हातात गेल्याची खुडबुड, आणि सासऱ्यांचा श्वास.

“बोल सूनबाई.”

“बाबा, शहर फार सुंदर आहे. पाटाला अजून पाणी आहे.”

“असणारच. उतार बघितलास ना त्याचा.” आणि लगेच, “दार?”

तिने खिडकीतून वर पाहिलं. तोंडात वाक्य तयार होतं, वरच्या सरळ काठासकट.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “दार नाही. भिंत सलग आहे. मी हात लावून बघितलं, सांधा नाही कुठं.”

तिकडे रस्त्यावरून गाडी गेल्याचं ऐकू आलं. ती पुढे बोलत सुटली, कारण थांबवत नव्हतं. दुपार कलली की समोरच्या मनोऱ्याची सावली भिंतीवर येते, हुबेहूब दार, फोटोवाल्याने तेव्हाच काढला असणार, कुणीही फसलं असतं. सासरे ऐकत होते की नाही कळत नव्हतं. एवढं लांब येऊन आपण म्हाताऱ्याच्या हातून शेवटचं होतं तेही काढून घेतलं.

“मनोऱ्याची?” सासरे म्हणाले.

“हो.”

“चौक ओलांडून? भिंतीवर चढते?”

“चढते. माझ्या डोक्याच्याही वर जाते.”

“आपल्या मॉडेलमध्ये नाही चढत,” सासरे हळूहळू म्हणाले, मनाशी बोलल्यासारखे. “दिवा सगळीकडून फिरवून बघितला होता मी तेव्हा. सावली भिंतीपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून तर दार केलं. मनोरा दुसऱ्या एका फोटोत होता, तोही वरून कापलेला, उंची आपण अंदाजाने धरली.” आणि मग त्यांचा आवाज बदलला, जिना उतरून खाली आल्यासारखा झाला. “मग मनोरा बुटका केला की गं आपण. चांगलाच बुटका. आणि त्या शहाण्यांनी दार बुजवलं, पण मनोरा कुणाच्याही लक्षात आला नाही. मिस्त्री, सावलीचं माप घेतलंस?”

तिने खाटेवरच्या बॅगेकडे पाहिलं. टेप बाजूच्या कप्प्यात होता, घरून निघताना ठेवला होता तसाच.

“नाही घेतलं, बाबा.”

“कमाल आहे तुझी,” सासरे म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं असं ते खरोखर चिडले. “तिथवर गेलीस आणि माप न घेता आलीस? रडत बसली असशील. ऐक आता. भिंतीवर सावली किती उंच चढते ते घे. मनोऱ्यापासून भिंत किती लांब, ते घे. आणि त्याच वेळी तू स्वतः उन्हात ताठ उभी राहा आणि तुझी सावली मोजून घे. तुझी उंची मला ठाऊक आहे. बाकीचं मी इथं करतो.”

“म्हणजे मी परत चढू?”

“मग काय मी चढू?” ते म्हणाले. आणि जरा वेळाने, “त्याला सांग, मला झाडाचं ठाऊक आहे म्हणून. खोलीत दुपारचं ऊन येतं आता. कळत नाही का माणसाला? पण सांगणारा हौसेनं सांगतो, मी ऐकून घेतो. तू तसलं काही सांगितलं असतंस तर मात्र माझी पंचाईत झाली असती.”

दुसऱ्या दिवशी ती परत चढली. गुडघ्यांनी आदल्या दिवशीचा सगळा राग काढला. वाटाड्या तर बाई पुन्हा का निघाली हे कुणालातरी फोनवर हसत सांगत होता. राखणदार बाई स्टूल घेऊन आलेलीच होती. भिंतीची आणि चौकाची मापं दोघींनी मिळून घेतली, बाईला त्यात मजा वाटायला लागली. मग तिने टेपचं एक टोक बाईच्या हातात दिलं, आपल्या सावलीच्या डोक्याशी धरायची खूण केली आणि दुसरं टोक टाचेखाली दाबून ती ताठ उभी राहिली. डाव्या हाताला भिंत होती आणि भिंतीवर ते दार. ही जागा कुठली, हे तिला उभं राहिल्यावर कळलं. काचेखाली, इतकी वर्षं, ती इथंच उभी होती, हातात गार झालेला चहा घेऊन. वाऱ्याने पदर उडत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसायला हात मोकळा होता. ती हलली नाही.